मदत हवी आहे : जर्मन शब्दांची औपचारिक आणि बोलण्यातली पातळी

‘मिळणे’ या अर्थासाठी जर्मन कार्यालयीन पत्रांत ‘एरहाल्टन’, एरवी ‘बेकोमन’ आणि अनौपचारिक बोलण्यात ‘क्रीगन’ येते. ‘डूडन’ शब्दकोशही ‘क्रीगन’ला बोलभाषेतला शब्द म्हणतो. परंतु ज्या वरिष्ठांना मी आदरार्थी ‘झी’ने संबोधतो, तेच जेवणाच्या सुट्टीत सर्रास ‘क्रीगन’ म्हणतात, तेव्हा नवख्याने तसेच बोलावे की ‘बेकोमन’वरच थांबावे, हे कोशातून उमगत नाही. ही जाण मला व्याकरणाइतकीच मोलाची वाटते, कारण चुकलेला प्रत्यय लोक सांभाळून घेतात, अस्थानी शब्द मात्र उद्धटपणाचा वाटू शकतो. जर्मनीत नोकरी करणाऱ्यांनी, विशेषतः रुग्णालयात आंत्रपुच्छाला रुग्णांशी बोलताना ‘ब्लिंडडार्म’ आणि डॉक्टरांशी ‘अपेंडिक्स’ म्हणावे लागणाऱ्यांनी, हा फरक कसा अंगवळणी पाडला, ते कृपया सविस्तर सांगावे.