मदत हवी आहे: भारतात असताना कॅनडाचं पीआर कार्ड गेलं, आता परत कसं जायचं?

सातारकरीण
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतीच वाचक होते, आज पहिल्यांदा लिहितेय आणि तेही डोकं बधिर झालेलं असताना, त्यामुळे पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या.

बाबांच्या बायपाससाठी मे अखेरीला लेकीला घेऊन साताऱ्याला आले. मागच्या गुरुवारी स्वारगेटला एसटीत चढताना कुणीतरी पर्समधलं पाकीट मारलं. त्यात थोडे पैसे, ओंटारियोचं लायसन्स आणि पीआर कार्ड (कॅनडात कायम राहायच्या परवान्याचं). (कार्ड घेऊन कशाला हिंडत होतीस हे आई, नवरा, सासूबाई तिघांचंही विचारून झालंय, तुम्ही नका विचारू.) पासपोर्ट घरी कपाटात होता म्हणून वाचला. पोलिसांनी "चोरी कशाला, गहाळ लिहा" म्हणत गहाळचा दाखला दिलाय.

लेक साडेतीन वर्षांची, जन्म तिकडचा, तिच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते कार्ड) दोन्ही आहे, म्हणजे ती जाऊ शकते आणि आई नाही! 24 ऑगस्टचं तिकीट आहे, सप्टेंबरात तिची शाळा सुरू. कार्डाचा फोटो मोबाइलमधे आहे पण एअरलाइनवाले म्हणतात फोटोवर बोर्डिंग देता येत नाही.

नवरा ब्रॅम्पटनला आहे, तो म्हणतो मी इथून नवीन कार्डाचा अर्ज करतो आणि कुरियरने पाठवतो. इथला एक एजंट म्हणाला तुम्ही मधे एक वर्षाच्या वर भारतात होता ना, मग तुमची पीआरच गेली, सगळं नव्याने करावं लागेल, साठ हजार होतील. ते ऐकून रात्रभर झोप नाही. खरंय का हे? लँडिंग (पीआर म्हणून कॅनडात पहिल्यांदा उतरले ते) मार्च 2022 चं, मधे सासूबाईंच्या आजारपणात सलग सव्वा वर्ष भारतात होते हे खरं. काय करू?

थंडीतला_कोल्हापूरकर
ताई, आधी त्या एजंटला रामराम करा. एक वर्षाची ती भानगड अमेरिकेच्या ग्रीन कार्डची, तिकडे वर्षाच्या आत असाल तर आय-131ए फॉर्म भरून बोर्डिंग फॉइल (विमानात बसू देण्यासाठी पासपोर्टवर लावतात तो स्टिकर) मिळतं आणि वर्षाच्या वर गेलात की प्रकरण अवघड होतं. कॅनडाचा हिशेब वेगळाय, 5 वर्षांत 730 दिवस तिथे हवेत, सलग नसले तरी चालतात. कार्ड हरवलं म्हणजे पीआर गेली असं होत नाही.

तुम्हाला काढायचंय ते पीआरटीडी, म्हणजे परमनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट. फी 50 डॉलर, फॉर्म आयएमएम 5524, अर्ज ऑनलाइन पोर्टलवर होतो आणि मंजूर झालं की पासपोर्ट व्हीएफएसला (व्हिसा अर्ज केंद्रात) द्यायचा, ते आत चिकटवून देतात. बहुतेक वेळा एकाच एंट्रीचं मिळतं.

मिस्टरांना सांगा नवीन कार्डाच्या नादी लागू नका, त्या अर्जाच्या वेळी तुम्ही स्वतः कॅनडात असावं लागतं आणि कार्ड कॅनडाबाहेर पाठवत नाहीत. ते परत गेल्यावर करा. आणि कार्ड हरवल्याचं इमिग्रेशनला कळवून टाका, मग जुनं सापडलं तरी वापरू नका, ते बाद झालेलं असतं.

सातारकरीण
दादा, जीवात जीव आला! आत्ता कॅलेंडर घेऊन बसले, दिवस हजाराच्या वर भरतात.

अजून एक. माझा दीर अमेरिकेत, कॅनडाच्या सीमेजवळच्या बफेलोला असतो आणि माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा चालू आहे. तो म्हणतो वहिनी तुम्ही इकडे या, मी गाडीने पीस ब्रिजवरून पलीकडे कॅनडातल्या फोर्ट एरीला सोडतो, काही कागद लागत नाही. हे बेकायदेशीर तर नाही ना? मला असलं काही चोरून करायचं नाहीये.

मिसिसॉगा_मावशी
चोरून कसलं गं, बरोबर सांगतोय तो. कार्ड किंवा पीआरटीडी लागतं ते विमान, बस, ट्रेन, बोट असल्या तिकिटाच्या प्रवासाला. खाजगी गाडीने बॉर्डरवर गेलीस तर पासपोर्ट आणि लँडिंगचा कागद, म्हणजे सीओपीआर दाखवायचा. बफेलोहून बस मात्र पकडू नकोस, तिथे परत कार्ड मागतील. पण खरं सांगू का, लहान पोरीला घेऊन अमेरिकेच्या इमिग्रेशनची रांग, मग गाडी, मग परत ऑफिसरचे प्रश्न, त्यापेक्षा आधी पीआरटीडी टाक. तिकिटाची कॉपी आणि शाळेचं पत्र लावून घाई का आहे ते लिही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत नाहीच आलं तर दीर आहेच.

पासपोर्टच्या सगळ्या पानांची कॉपी लागेल, कोरी पानंसुद्धा. तिकडे राहत होतीस याचे पुरावे म्हणून टॅक्सच्या असेसमेंटच्या नोटिसा लाव. आणि पोरीसाठी नवऱ्याचं संमतिपत्र घेऊन ठेव, एकटी आई दिसली की विचारतात.

सातारकरीण
मावशी, थँक यू! नवऱ्याने सीओपीआर आणि नोटिसा स्कॅन करून पाठवल्यात. पोलिसांचा दाखला मराठीत आहे, तो माझ्या काकांनी छान इंग्रजीत करून दिलाय, ते कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आज रात्री अपलोड करते.

थंडीतला_कोल्हापूरकर
थांबा थांबा!! काकांचं नाही चालणार. घरच्यांनी केलेलं भाषांतर ते घेत नाहीत, त्यात काका-मामा-आत्या सगळे आले. बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या, त्याचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची कॉपी सोबत लावा.

सातारकरीण
अरे देवा. काकांना सांगायची माझी छाती नाही, दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसले होते. बरं, साताऱ्यात किंवा पुण्यात प्रतिज्ञापत्रासकट करून देणारं कुणी माहीत आहे का? सोमवारपर्यंत हवंय.