'भिडू' कोणाचा? हक्क, छाप आणि तोतया

विचारणा :
एका मजकुराचं मराठी करताना 'पर्सनॅलिटी राइट्स'पाशी (नाव, चेहरा, आवाज यांच्या व्यापारी वापरावरचा हक्क) अडकलो आहे. वर्तमानपत्रांत 'व्यक्तिमत्व हक्क', 'व्यक्तिमत्व अधिकार', 'व्यक्तित्वाधिकार' अशी सगळी रूपं दिसतात. संदर्भ मे २०२४ मधला आहे. जॅकी श्रॉफ यांनी दिल्ली उच्च न्यायालयात नाव, आवाज, छबी यांबरोबर 'भिडू' या शब्दाच्या वापरालाही हरकत घेतली होती. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या दाव्यात 'झकास' होतं. दोन्ही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले. माझ्या मसुद्यात वाक्य असं आहे : 'भिडू या शब्दावर आता श्रॉफ यांचा कॉपीराइट आहे.' चालेल का?

प्रतिसाद १ :
नाही चालणार, खोडा ते. सुट्या शब्दाला कॉपीराइट मिळत नाही. तो कृतीला मिळतो : कथा, चाल, चित्र, चित्रपट. शब्द राखून ठेवायचा तर वाट ट्रेडमार्कची, आणि तीही ठरावीक वर्गातल्या मालापुरती किंवा सेवेपुरती. असे एकूण ४५ वर्ग आहेत. १९९९च्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायद्याच्या कलम ९ नुसार चालू भाषेत किंवा त्या धंद्यात रूढ होऊन बसलेल्या शब्दाची नोंदणी एरवी नाकारली जाते. मात्र 'रूढ' हे मालाच्या संदर्भात बघतात. खेळात 'भिडू' रूढ आहे म्हणून तो कपड्यांवरची छाप होऊ शकत नाही, असं नाही. श्रॉफ यांच्या दाव्यात नोंदणीकृत ट्रेडमार्कचाही आधार होता, पण जोर होता तो तिसऱ्याच गोष्टीवर : त्या शब्दाने ग्राहकाच्या डोळ्यांपुढे तो माणूस उभा करायचा आणि त्याला न विचारता माल खपवायचा.

प्रतिसाद २ :
'छाप' शब्द आलाच आहे तर थोडं विषयांतर. ट्रेडमार्कला आपल्याकडे 'छाप' आणि 'मार्का' हे शब्द आधीपासून होते. घोडा छाप, हत्ती छाप म्हटलं की अक्षर न वाचता येणाऱ्यालाही माल कळायचा. मग परिभाषा तयार करणाऱ्यांनी 'व्यापारचिन्ह' केलं. वाईट नाही, पण बातमीत लोक 'बोधचिन्ह' लिहून मोकळे होतात. बोधचिन्ह म्हणजे लोगो. 'भिडू' हा नुसता शब्दही व्यापारचिन्ह होऊ शकतो, तो बोधचिन्ह नव्हे.

कॉपीराइटचं आणखी त्रांगडं. 'स्वामित्वहक्क', 'प्रताधिकार', 'मुद्रणाधिकार' आणि पुस्तकाच्या दुसऱ्या पानावरचं 'सर्व हक्क सुरक्षित'. माझं मत 'प्रताधिकार'ला. मुळात प्रत काढण्याचा अधिकार तो, आणि तोही मुदतीचा : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'स्वामित्व' म्हटलं की सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं वाटतं. त्यातून 'झकास शब्द आता अमक्याच्या मालकीचा' असे मथळे निघतात. रॉयल्टीचंही तेच. महसूल खात्यात गौण खनिजाच्या रॉयल्टीला 'स्वामित्वधन' म्हणतात. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा दिला, त्यालाही तोच शब्द लावला तर गाणं आणि वाळूचा ट्रक एकाच पावतीवर!

विचारणा करणारा :
मग वाळूवाला शब्द टाळतो. पण 'व्यक्तिमत्व'चं काय?

प्रतिसाद १ :
मला तो शब्दच खटकतो. मराठीत व्यक्तिमत्त्व म्हणजे प्रसन्न, रुबाबदार, किंवा विकासाच्या शिबिरात घडवतात ते. न्यायालय स्वभावाला संरक्षण देत नाही. नाव, चेहरा, आवाज, लकब, सही, म्हणजे ज्यावरून माणूस ओळखू येतो ते जपतं. २०१० साली दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तिथे त्यांचं व्यक्तिमत्त्व कोणी चोरलं नव्हतं, रूप आणि आवाज वापरला होता. म्हणून मी 'ओळखीचा हक्क' सुचवेन.

प्रतिसाद २ :
'ओळखीचा हक्क' म्हणजे ओळखीने काम करून घेण्याचा हक्क असं वाचणार लोक. तो तर आपल्याकडे कायदा न करताच मिळालेला आहे. नको.

प्रतिसाद ३ :
गमतीचं सोडलं तरी यांचं बरोबर आहे, 'ओळख' दोन्हीकडे ओढला जातो. भारतात या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणा, ट्रेडमार्क, कलावंताचे हक्क आणि 'पासिंग ऑफ' अशी ठिगळं जोडून न्यायालयांनी तो उभा केला आहे. 'पासिंग ऑफ'ला मी 'दुसऱ्याच्या नावावर माल खपवणे' लिहितो, संज्ञा करायच्या भानगडीत पडत नाही. वर्तमानपत्रांनी 'व्यक्तिमत्त्व हक्क' रुळवला आहे तर तोच घ्या आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात उलगडा करा.

आवाजाच्या नकलेला मात्र मराठी शब्द तयार आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांना एआयने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध अंतरिम दिलासा दिला. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तिथूनच तसा आदेश मिळाला. बातम्यांत 'क्लोन', 'प्रतिरूप', 'कृत्रिम आवाज'. अहो, 'तोतया' म्हणा की! पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा नाव, चेहरा, बोलणं सगळं उसनं घेऊन लोकांना फसवायचाच तो उद्योग होता. 'तोतया आवाज', 'तोतया चित्रफीत'. फसवण्याचा हेतू शब्दातच आला. नक्कल करणारा कलाकार आणि तोतया यांत मराठी माणूस आपोआप फरक करतो. कोर्टालाही तो करावा लागतो : श्रॉफ यांच्याच प्रकरणात एका यूट्यूबरच्या गमतीदार व्हिडिओवर न्यायालयाने लगेच बंदी घातली नाही, त्याचं ऐकून घेऊ म्हटलं.

प्रतिसाद २ :
'तोतया' मान्य, फक्त गायकाने स्वतः परवानगी देऊन बनवून घेतलेल्या एआय आवाजाला लावू नका. तिथे 'कृत्रिम'च. आणि काळजी नको, युतीत तिसरा भिडू आला असं खुशाल लिहा. झकासपैकी झोप लागली, हेही.

विचारणा करणारा :
आता वाक्य असं केलं : 'भिडू हा शब्द वापरून आपली ओळख परवानगीशिवाय माल विकण्यासाठी राबवली जाते, अशी तक्रार करत श्रॉफ यांनी व्यक्तिमत्व हक्काचा, म्हणजे नाव, चेहरा, आवाज, लकब यांच्या व्यापारी वापरावरील हक्काचा, दावा केला.' जरा लांबलं.

प्रतिसाद ३ :
लांबू दे. 'व्यक्तिमत्त्व'मध्ये दोन त आहेत तेवढं बघा.