मदत हवी आहे: फुकेतहून फांगन्गा बेची दिवसभराची बोट टूर, सोबत गुडघेदुखीच्या सासूबाई

गोगलगाय

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात थायलंडमधल्या फुकेतला चाललोय. आम्ही दोघं, सहा वर्षांचा लेक, सासू-सासरे आणि दीर-जाऊ. एक अख्खा दिवस बोटीने बेटं बघायला राखून ठेवलाय आणि त्या एका दिवसावरून घरात दोन तट पडलेत.

दिराला स्पीडबोटीने फी फी बेटं आणि तिथला माया बे किनारा करायचाय. रील्स बघून बघून त्याचं मनातल्या मनात बुकिंग झालेलंच आहे. माझा कल फांगन्गा बे या उपसागराकडे. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, शिवाय मणक्याचं जुनं दुखणं आहे. सासऱ्यांना पोहता येत नाही, पण ते मान्य करत नाहीत. लेकाला घाटात चार वळणं झाली की पिशवी लागते.

एजंटांकडून व्हॉट्सअॅपवर पत्रकांचा ढीग आलाय. सगळ्यांवर पाण्यातला तोच उभा सुळका आणि खाली "जेवण, फळं, सगळं सामील". वाचून काही म्हणजे काही कळत नाही. स्पीडबोट, लाँगटेल (लांब दांड्याचं इंजिन लावलेली लाकडी होडी) आणि मोठी बोट यांतलं आमच्यासारख्यांनी काय घ्यावं? कनूतून (वल्ह्याच्या छोट्या होडीतून) गुहेत नेतात ते सासूबाईंना झेपेल का? नोव्हेंबरात समुद्र कसा असतो? आणि बोटीवर शौचालय असतं का? हा शेवटचा प्रश्न सासूबाईंनी खास विचारायला सांगितलाय. "आधी ते विचार, बेटं मागाहून."

म्हातारी माणसं आणि लहान मूल घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. शोधलं तर नुसते हनिमूनचे धागे सापडतात.

फिरस्ती

स्पीडबोटीवर फुली मारा. पाठीचं दुखणं असलेल्यांना आणि गरोदर बायकांना बऱ्याच कंपन्या स्वतःच घेत नाहीत. अटींमध्ये लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. मग धक्क्यावर उभ्या उभ्या वाद.

लाट्या

असहमत. स्पीडबोटीत पुढच्या टोकाला बसलो होतो, धमाल आली. माया बे नाही बघितलं तर फुकेतला जाऊन केलं काय?

फिरस्ती

लाट्या, वय किती तुझं?

लाट्या

२६. का?

फिरस्ती

काही नाही, सहज.

खारा वारा

गोगलगाय, बेटं कोणती ते नंतर बघा. आधी बोट ठरवा आणि भरतीची वेळ बघा, बाकीचं आपोआप ठरतं.

फी फी फुकेतपासून साधारण ४५ किलोमीटर, आणि मधे बराचसा उघडा समुद्र. स्पीडबोट तासाभरात नेते, पण लाट बारीक असली तरी त्या वेगात बोट उचलून आपटते. सगळ्यात जास्त दणके पुढच्या टोकाला, आणि वारा लागतो, फोटो छान येतात म्हणून सगळ्यांना तिथेच बसायचं असतं. मणक्याचं दुखणं असलेल्या माणसाला मागे इंजिनाशी बसवूनही मी नेणार नाही. फी फीला मोठी फेरीबोटही जाते, तिला दोनेक तास लागतात. ती सुखाची, पण तुमचा निम्मा दिवस जाण्यायेण्यातच संपेल.

फांगन्गा बे फुकेतच्या ईशान्येला. पश्चिमेला फुकेत, उत्तरेला मुख्य भूमी, पूर्वेला क्राबी, असा तिन्ही बाजूंनी आडोसा. पाणी उथळ, आणि मधे चुनखडीचे डोंगर थेट पाण्यातून वर आलेले, त्यामुळे लाटेला जोर धरायला जागा नाही. मे ते ऑक्टोबरच्या पावसाळ्यात फी फीच्या फेऱ्या अडखळतात तेव्हाही इथे बोटी चालू असतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तर नैर्ऋत्येचा वारा ओसरलेला असतो. एखादी जोराची सर येईल, ती धरून चाला. मात्र हवामानाचा इशारा असेल आणि कंपनी "काही होत नाही हो" म्हणाली, तर त्या दिवशी बोटीत बसू नका. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ पर्यटकांची बोट बुडून ४७ माणसं गेली. इशारा असतानाच ती निघाली होती.

याच्या बदल्यात काय मिळणार नाही, तेही ऐका. फांगन्गाचं पाणी हिरवं आणि गढूळ असतं. खारफुटीचा प्रदेश आहे, खाली गाळ आहे. मासे-प्रवाळ बघायला गॉगल लावून डोकं बुडवलंत तर हिरव्या धुक्याशिवाय काही दिसणार नाही. निळंशार पाणी फी फीकडचं आणि सिमिलान बेटांचं. एजंट ते फोटो फांगन्गाच्या पत्रकावर बिनदिक्कत चिकटवतात.

आता भरती. को होंग, को पनाक या बेटांच्या पोटात, वरून आभाळ मोकळं असलेली पाण्याची अंगणं आहेत. त्यांनाच होंग म्हणतात. आत जायची वाट पाण्याच्या पातळीवरच्या गुहेतून. पाणी फार चढलं की गुहेचं तोंड बुजतं, फार उतरलं की कनू गाळात रुतते. मधली जी वेळ मिळेल ती आपली. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून जाणत्या कंपन्या दिवसाचा क्रम रोज बदलतात. कधी गुहा आधी आणि जेवण नंतर, कधी उलट. ज्यांच्या पत्रकावर वर्षाचे बारा महिने "१०.३० गुहा" छापलेलं असतं, ते बऱ्याचदा गुहेच्या तोंडाशी फोटो काढून माघारी आणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा चढउतार दोन-अडीच मीटरपर्यंत जातो, अष्टमीच्या भांगाला बराच कमी असतो. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब तिकडे लावू नका, तो आपल्या किनाऱ्यापुरता. फुकेतचा भरतीचा तक्ता नेटवर मिळतो, तो उघडून मगच तारीख ठरवा.

पत्रकावरचा सुळका म्हणजे को तापू, जेम्स बाँड बेटाशेजारचा. उंची जेमतेम २० मीटर. झीज होते म्हणून १९९८ पासून पर्यटकांच्या बोटींना त्याच्या अगदी जवळ जायला बंदी आहे. तुम्ही उतरता शेजारच्या खाओ पिंग कानवर, म्हणजेच जेम्स बाँड बेटावर. एक चिमुकला किनारा, दुकानं, आणि फोटोसाठी रांग. अर्धा तास पुष्कळ झाला.

गोगलगाय

खारा वारा, कोटी कोटी धन्यवाद. हे सगळं दिराला वाचून दाखवलं. "हिरवं धुकं" ऐकून तो गप्प झालाय, पण पटलेलं नाही. आणि सासूबाईंचा प्रश्न अजून तसाच आहे!

फिरस्ती

मोठ्या बोटीवर शौचालय असतं. लाँगटेलवर नसतंच. स्पीडबोटीवर असलं तरी इवलंसं कपाट, चालत्या बोटीत त्यात शिरणं म्हणजे कसरत. सासूबाईंना सांगा, मोठी बोट घेतलीत तर निर्धास्त राहा.

लाँगटेलवर छत असतं, पण इंजिनाचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. शिवाय चढ-उतार लाकडी शिडीने किंवा थेट मांडीभर पाण्यात. गुडघ्यांना ते नको. काही स्वस्त टूरमध्ये मोठी बोट असते, पण शेवटचा टप्पा लाँगटेलने करवतात. "किती वेळा बोट बदलायची?" हा प्रश्न जरूर विचारा.

पन्हं

आईला घेऊन गेले होते, तेव्हा ती ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. कनूबद्दल सांगते.

मोठ्या बोटीच्या मागच्या बाजूला पाण्यालगत एक सपाट फळी असते, तिथून बसायचं. कनू हवा भरलेली, रुंद, सहसा कलंडत नाही. वल्हवायला कंपनीचा माणूस असतो, आपण फक्त पाय लांब करून बसायचं. बसणं सोपं आहे. परत येताना उठणं म्हणजे भारतीय बैठकीवरून आधाराशिवाय उठण्यासारखं. आईला वल्हवणाऱ्याने खालून टेकू दिला आणि दोघांनी वरून धरलं. तुमच्याकडे दीर आणि नवरा असे दोन धट्टेकट्टे आहेत, तेव्हा काळजी नको. फक्त गुडघा किती वाकतो ते घरी जमिनीवर बसवून एकदा बघा.

गुहेत शिरताना वल्हवणारा म्हणाला, झोपा. आम्ही आडव्या झालो. छताला चिकटलेली कालवं नाकापासून वीतभर वर, कनू त्याच्याखालून इंच इंच सरकतेय. हात बाहेर काढू नका असं त्याने दोनदा बजावलं, त्या कडा सपकन कापतात. मग मिट्ट काळोख, वटवाघळांचा उग्र दर्प, आणि त्याच्या टॉर्चचा एक कवडसा. आई रामरक्षा पुटपुटत होती. दोनेक मिनिटांत उजेड आला तर चारी बाजूंनी सरळसोट कडे, मधे खारफुटी, आणि चिखलावर निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतायत. आई एकदम उठून बसायला लागली, "अगं, निवट्या!" जेम्स बाँड बेट तिच्या आता लक्षातही नाही.

ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी जाऊ नये. बोटीवरच बसून राहता येतं, कोणी जबरदस्ती करत नाही. आणि माकडं दिसली तर लेकाला खाऊ देऊ देऊ नका. ती हातातलं हिसकावतात, प्रसंगी चावतात. मग रेबीजच्या इंजेक्शनांसाठी धावाधाव.

कडू गोळी

मुलाबद्दल. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर देऊन उपयोग नाही, ती निघण्याच्या तासभर तरी आधी पोटात जायला हवी. कोणती आणि किती, ते तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, मोठ्यांच्या एव्होमिनचे तुकडे करून देऊ नका. गोळीने झोप येते, ही एका अर्थी सोयच. उपाशी नेऊ नका. बोटीच्या मध्यावर किंवा मागे, खालच्या मजल्यावर बसवा आणि लांब क्षितिजाकडे बघायला लावा. मोबाइल हातात दिलात की संपलं.

सासऱ्यांच्या मानापमानाचा विषय आहे हे समजतं, पण लाइफजॅकेट "सगळ्यांनाच सक्ती आहे" म्हणून चढवा. नातवाचं त्यांच्या हाताने बांधायला लावा, म्हणजे स्वतःचं निमूट घालतील. मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मोठ्याचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

गोगलगाय

कडू गोळी, सासऱ्यांची युक्ती भारी आहे, करतेच. पन्हं, निवट्यांचं वाचून सासूबाई एकदम तयार झाल्यात! जमिनीवर बसवून बघितलं, दोन माणसांच्या आधाराने उठतात.

आता "सगळं सामील" याचा खरा अर्थ काय? आणि सासूबाई शाकाहारी आहेत, कांदा-लसूण चालतं.

फिरस्ती

राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क बहुतेक वेळा सामील नसतं. परदेशी माणसांना फांगन्गात मोठ्यांचे ३०० आणि मुलांचे १५० बाट, फी फीला मोठ्यांचे ४००. बोटीत गोळा करतात, रोख. तेव्हा हॉटेलमधून न्यायला येणारी गाडी, कनू आणि हे शुल्क, तिन्हींचं लेखी विचारून घ्या. बोटी बऱ्याचदा आओ पो धक्क्यावरून सुटतात आणि फुकेतच्या पातोंग किनाऱ्याहून तिथे जायलाच पाऊण-एक तास जातो. म्हणजे सकाळी सातला तयार.

जेवण कधी बोटीवर, कधी को पन्यीला. को पन्यी म्हणजे पाण्यात खांबांवर उभं असलेलं मुस्लीम कोळ्यांचं गाव. तिथे डुकराचं मांस नसतं, पण मासळीशिवाय पान हलत नाही, आणि थायलंडात भाजीतही फिश सॉस असतो. बुकिंगच्या वेळीच शाकाहारी लिहून द्या, वर सासूबाईंसाठी चटणी-पोळीचा डबा असू द्या. लेकाला तिथलं तरंगतं फुटबॉलचं मैदान दाखवा. १९८६ मध्ये गावातल्या पोरांनी पहिलं मैदान लाकडाच्या फळकुटांचं स्वतः बांधलं, कारण गावात सपाट जमीनच नाही.

सनस्क्रीनचं लेबल वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट वगैरे असलेली सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत. दंड एक लाख बाटपर्यंत. पूर्ण बाह्यांचा कपडा सगळ्यात उत्तम.

गोगलगाय

अपडेट: मोठी बोट आणि कनू ठरलं. भरतीचा तक्ता बघून गुरुवारचं शनिवारवर नेलं. दोन कंपन्यांना विचारलं की त्या दिवशी गुहेत किती वाजता नेणार? एकीचं उत्तर आलं, "नेहमीच्या वेळेला." दुसरीने उलट विचारलं, "तारीख कोणती?" दुसरी घेतली.

दीर-जाऊ दुसऱ्या दिवशी दोघंच स्पीडबोटीने फी फीला जातील. घरात शांतता आहे.

खारा वारा

उत्तम. फक्त दिराला एक आधीच सांगून ठेवा. माया बे २०१८ मध्ये बंद केलं होतं, ते जानेवारी २०२२ मध्ये उघडलं. आता बोटी पलीकडच्या लोह समाह खाडीत लागतात, तिथून फळ्यांच्या वाटेने चालत यायचं, आणि माया बेमध्ये पोहायला मनाई आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचे.

लाट्या

हो, शिट्टी वाजवून बाहेर काढतात.