मढे घाटावरचे पाच वीरगळ: आजेसासूबाई सांगतात ते लिहू, की पुस्तकातलं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. मी राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, तोरण्याच्या पलीकडे, मढे घाटाच्या वरच्या अंगाला राहते. सासर इथलंच, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. सहा वर्षं झाली, सुट्टीचा दिवस गावाचा इतिहास गोळा करण्यात जातो. चौथीच्या वर्गात शिवकाल शिकवताना एका पोरानं विचारलं होतं, "बाई, ह्यात आपलं गाव कुठंय?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथून वही सुरू झाली.

आता जत्रेच्या आधी गावात चार फलक लावायला ग्रामपंचायतीनं होकार दिला आहे. तीन फलकांचा मजकूर तयार आहे. चौथ्यावर दोन महिने अडले आहे.

शिवेवर, घाटाकडे वाट वळते तिथे, आंब्याखाली पाच दगड उभे आहेत. कमरेएवढे, वर कलश, चंद्र-सूर्य, खाली चौकटींमध्ये माणसं कोरलेली. माझ्या आजेसासूबाई (वय ८६) सांगतात की कोंढाण्यावर तानाजी पडले, त्यांचा देह याच वाटेनं खाली त्यांच्या गावी, उमरठला नेला, म्हणून हा मढे घाट. देह वाहणारे मावळे या आंब्याखाली टेकले आणि त्यातले जे पुढे लढाईत गेले, त्यांचे हे दगड. आख्खं गाव हेच सांगतं. दसऱ्याला दगडांना शेंदूर लागतो, सोनं वाहिलं जातं.

पण जे वाचलं, त्यावरून असे वीरगळ (झुंजीत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड) बहुतेक शिलाहार-यादवांच्या काळातले, म्हणजे कोंढाण्याच्या १६७० च्या लढाईच्या तीनचारशे वर्षं तरी आधीचे. मग फलकावर काय लिहू? खरं लिहिलं तर आजींना खोटं पाडल्यासारखं होतं. त्यांचं लिहिलं तर वर्गातल्या पोरांना मी काय शिकवते आहे?

आणखी दोन गोष्टी. मागच्या वर्षी मी या दगडांचे फोटो गावाच्या नावासकट टाकले. दोन महिन्यांत बाहेरून एक गट आला, दगड "स्वच्छ" केले, दोघांना चंदेरी ऑइलपेंट दिला आणि खाली सिमेंटचा ओटा घातला. त्यांचं मन चांगलं होतं, तरी मला त्या रात्री झोप लागली नाही. आता फोटो टाकावेत की नाही?

दुसरं म्हणजे, घरातल्या जुन्या कागदांच्या एका रुमालात मोडीचा एक कागद मिळाला. मला अजून जेमतेम अक्षरं जुळवता येतात. "जकाती", "मीठ", "बैल" एवढं लागलं. सुरुवातीला "इसन्ने सबैन मया व अलफ" आहे. एकानं सांगितलं की हे साल ११७२. यादवांच्याही आधीचा मोडी कागद आमच्या घरात कसा असेल?

मोडीचा_विद्यार्थी

ताई, आधी कागदाचं सांगतो, कारण ते सोपं आहे. ११७२ बरोबर आहे, पण ते इसवी सन नाही. हा सुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत वापरायची कालगणना. अरबी आकडे एककापासून वर चढत लिहितात: इसन्ने म्हणजे २, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११७२. यात ५९९ मिळवा, १७७१ येतं. सुहूर सन मृग नक्षत्राला, म्हणजे मेअखेर-जूनच्या सुमारास बदलतो, म्हणून तुमचा कागद १७७१ च्या पावसाळ्यापासून १७७२ च्या उन्हाळ्यापर्यंतचा कधीतरीचा. थोरले माधवराव पेशवे तेव्हा हयात होते. ते १७७२ च्या नोव्हेंबरात गेले. पानिपतच्या साली लिहिलेल्या कागदावर "इहिदे सितैन मया व अलफ" दिसतं, ११६१. तुम्हीच बेरीज करून पाहा, हात बसेल. खाली चंद्र असेल (छ अक्षरापुढे तारीख आणि मुसलमानी महिना) तर नेमका दिवसही काढता येईल.

कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. घडी न घालता सपाट ठेवा आणि उजेडात फ्लॅश न मारता फोटो काढा.

आणि एक महत्त्वाचं. तोरण्याभोवतालचा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. संस्थानाचे तालुकेसुद्धा किल्ल्यांच्या नावाचे: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. तेव्हा नुसतं पुणे जिल्ह्याच्या नावाखाली शोधाल तर हाती फार लागणार नाही. १८८५ च्या बॉम्बे गॅझेटियरमध्ये भोरची माहिती सातारा खंडात आहे, पुण्याच्या नाही. मी स्वतः एक वर्ष चुकीच्या खंडात घालवलं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार पाहायला मिळाले तर शेतांची नावं उतरवून घ्या. "चौकीचा माळ", "मेट", "पागेचं टेप" अशी नावं सातबाऱ्याच्या गट नंबरात हरवली आहेत. तुमच्या कागदातली जकात कुठे घेत होते, ते एखाद्या शेताच्या नावात निघेल.

दगडवाचक

ताई, वीरगळ दिसला की यादवकाळ, अशी उडी मारू नका. बहुतेक त्याच सुमाराचे हे खरं, पण वीरगळ घडवायची चाल पुढेही चालू राहिली. दगडालाच विचारायला हवं.

सर्वांत खालची चौकट पाहा. तिथे वीर कसा मेला ते असतं. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन जातात, त्याच्या वर तो शिवलिंगापुढे बसलेला असतो. सगळ्या दगडांत वरचं सारखं, फरक खाली असतो. घोडा आहे की पायदळ, ढाल गोल की लांबट, केसांचा अंबाडा की डोक्याला पागोटं. खाली गुरं कोरलेली असतील तर तो माणूस राजाच्या लढाईत पडलेला नाही, गावची गुरं पळवून नेणाऱ्यांच्या आड आलेला आहे. डोंगराकडच्या गावांत असे पुष्कळ असतात आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटतात.

पाहायला सकाळी सातच्या आत जा, किंवा रात्री बाजूने विजेरी धरा. तिरप्या उजेडात झिजलेली रेघ उठून येते. खडू, पीठ, रांगोळी काही भरू नका. रंग खरवडू नका, ॲसिड तर नकोच. तो काढायचा तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला ग्रामसभेच्या ठरावासह पत्र द्या. वेळ लागेल, पण दगड आठशे वर्षं थांबला असेल तर आणखी थोडा थांबेल.

फोटो जरूर टाका, पण तालुक्यापुढे ठिकाण सांगू नका आणि आधी गावाला विचारा. दगड त्यांचे आहेत.

खालचा_कोकणी

आम्ही घाटाखालचे, महाड तालुक्यातले. मढे घाट आमच्या आईच्या तोंडी अजून आहे. तिचं माहेर वरचं. लग्नानंतर ती घाट चढूनच माहेरी जायची. मीठ आणि सुकी मासळी डोक्यावर घेऊन बाया पहाटे निघत आणि वरून नाचणी, वरी घेऊन उतरत. तुमच्या कागदात मीठ आणि बैल आलेत, ते याच वाटेचे असणार.

तुम्ही वरच्यांनाच विचारता आहात असं वाटलं, म्हणून लिहिलं. वाटेला दोन टोकं असतात. आणि बायकांना विचारा. पुरुष किल्ले आणि लढाया सांगतात. कुठल्या वळणावर पाणी, कुठे ओझं टेकायचं, कुठल्या झाडाखाली कोण बाळंत झाली, हे बायका सांगतात. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळासह महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या पुष्कळ आता ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. आजेसासूबाईंना ओव्या येत असतील तर आजच मोबाईलवर घ्या.

घाटमाथा

उशिरा लिहिते आहे, पण रिकाम्या हातानं नाही.

गेल्या रविवारी पहाटे विजेरी घेऊन गेले. रंग न लागलेल्या तीन दगडांपैकी मधल्या दगडाच्या तळाशी मला आजवर नक्षी वाटत होती. तिरप्या उजेडात ती शिंगं निघाली. दोन गाई, मागची मान वळवून पाहणारी. त्यांच्यापुढे एक माणूस, अंबाडा बांधलेला, गोल ढाल. मी तिथेच ओल्या गवतात बसले.

फोटो आजींना दाखवला. दिसत नव्हतं, म्हणून त्यांचं बोट धरून पडद्यावर शिंगांवरून फिरवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणून पोळ्याला बैलं आधी तिथं नेत्यात व्हय." मी सहा वर्षं विचारते आहे आणि हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं, कारण मी नेहमी तानाजींबद्दलच विचारत होते. गावातले बैल पोळ्याला मारुतीच्या आधी त्या आंब्याला फिरवतात. का, ते कुणालाच माहीत नाही.

दगडवाचक दादा, यानं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. चाल नंतरचीही असेल. पण चौथ्या फलकाचा मजकूर मला त्या रात्री सुचला. आजींना वाचून दाखवला, सरपंचांनाही. असा आहे:

"हे पाच वीरगळ आहेत. मधल्या दगडावर गुरांसाठी प्राण देणारा माणूस कोरलेला आहे. त्याचं नाव दगडावर नाही. त्याचा अंबाडा आणि ढाल पाहता तो शिवकाळाच्या बराच आधीचा असावा. तानाजी मालुसऱ्यांचा देह नेणारे मावळे या आंब्याखाली टेकले होते, असं गावातली वडीलधारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. पोळ्याला गावचे बैल पहिल्यांदा इथे येतात. कृपया रंग लावू नये."

आजींनी एकच दुरुस्ती सांगितली. "वडीलधारी माणसं" नको, "म्हाताऱ्या बाया" लिही म्हणाल्या, कारण त्यांना ते त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. तसं केलं आहे.

मोडीच्या कागदाचे फोटो पाठवते आहे दादा, "छ" सापडला, पुढचा आकडा लागत नाही. आणि खालचे दादा, तुमच्या आईंचं माहेर कुठल्या वाडीतलं ते विचाराल का? आजी म्हणतात की मीठ घेऊन येणाऱ्या एका बाईंची त्यांच्या पडवीत नेहमी वस्ती असे. दिवाळीनंतर वाट सुकली की मी खाली उतरणार आहे, नाचणीचं पीठ घेऊन.