मदत हवी आहे: पॉलिप काढताना खाली टोचायचं औषध, सलाईन की जेल?

कळंब्याची सून:

नमस्कार. इथे दवाखान्यात काम करणारी मंडळी आहेत, या प्रोसिजरमधून गेलेलेही असतील, म्हणून धागा काढतेय.

माझे सासरे, वय ६८. गेल्या महिन्यात शौचातून दोनदा रक्त गेलं. मूळव्याध असेल म्हणून मामंजींनी आठवडाभर ताक आणि इसबगोलावर काढलं, घरात अवाक्षर नाही. सासूबाईंना बाथरूममध्ये दिसलं तेव्हा फुटलं सगळं. कोलोनोस्कोपी झाली. मूळव्याध निघालीच, पण मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, असेंडिंग कोलनमध्ये, २५ मिलिमीटरचा पॉलिपही (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची वाढ) निघाला. देठ नाही, चपटा पसरलेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याचे चार तुकडे तपासायला घेतले. रिपोर्ट ट्युब्युलर अॅडिनोमा, लो ग्रेड डिस्प्लेशिया. म्हणजे कॅन्सर नाही, पण ठेवू नका.

आता राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडे ईएमआर ठरलंय. पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढणार. त्यांनी कागदावर आतड्याचे थर काढून दाखवले: सुईने पॉलिपच्या खाली द्रव सोडायचा, वरचा थर फुगून मांसाच्या थरापासून सुटा होतो, मग तारेचा फास टाकून कापायचा. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे भाकरीचा पापुद्रा सुटतो तसं." डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच.

अडलंय ते एस्टिमेटवर. त्यात "लिफ्टिंग एजंट", म्हणजे तो खाली सोडायचा द्रव, अशी वेगळी ओळ आहे. काउंटरवर विचारलं तर "ते लागतंच" एवढंच उत्तर. माझ्या भावाचं औषधांचं दुकान आहे शाहूपुरीत, तो म्हणतो हे काम साध्या सलाईनवर होतं, बाटली मिसळीच्या पैशात येते. खरं काय? दुसरं, यातलं काही जिलेटिनचं असतं असं वाचलं. मामंजी माळकरी आहेत, पंढरीची वारी चुकवत नाहीत. त्यांना न सांगता असलं काही अंगात घालणं मला पटत नाही. आणि चार तुकड्यांचं ऐकून नव्या डॉक्टरांचा चेहरा का उतरला? "फुगतो का बघू" म्हणाले. नाही फुगला तर?

सुईदोरा:

ताई, एंडोस्कोपी युनिटमध्ये सिस्टर आहे, ती सिरिंज भरायचं काम माझंच, म्हणून सविस्तर लिहिते.

भाऊ चुकीचं बोलत नाहीत. सलाईनवर वर्षानुवर्षं काम झालं आहे आणि लहान पॉलिपला आजही भागतं. अडचण एवढीच की सलाईन टिकत नाही. फुगवटा आला की काही मिनिटांत पाणी आजूबाजूला झिरपतं आणि उशी बसते. २५ मिलिमीटरचा चपटा पॉलिप बहुधा एका फासात येत नाही, तुकड्यातुकड्यांत काढावा लागतो. मध्येच उशी बसली तर पुन्हा टोचा, पुन्हा थांबा. त्यात उजव्या बाजूचं आतडं पातळ. खाली उशी नसताना फास आवळला तर मांसाचा थर आत ओढला जाऊन भोक पडण्याची भीती. म्हणून दाट द्रव. युरोपियन एंडोस्कोपी सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही ईएमआरसाठी सलाईनपेक्षा दाट, सुरक्षित ठरलेला द्रव वापरा असंच आहे. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये सलाईन आणि सक्सिनिलेटेड जिलेटिन यांची तुलना झाली होती. जिलेटिनवाल्यांत कमी तुकड्यांत काम झालं, वेळही बराच वाचला. गुंतागुंतीत मात्र फारसा फरक दिसला नाही. तेव्हा सलाईन वापरणारा डॉक्टर काही गुन्हा करत नाही, हेही लक्षात असू दे.

दाट द्रव ढकलताना आमचा अंगठा दुखून येतो, ते कुणी एस्टिमेटमध्ये धरत नाही!

आता माळेचं. तुमची शंका रास्त आहे. ते जिलेटिन गाईबैलांच्या हाडा-कातड्यापासून येतं. हायलुरोनिक अॅसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, आता बहुतेक जिवाणूंपासून करतात. हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिलसेल्युलोज, आम्ही एचपीएमसी म्हणतो, ते वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्यात घालतात तेच. ते सलाईनमध्ये पातळ करून पॉलिपखाली टोचता येतं आणि परवडतं. डॉक्टरांना सरळ विचारा, कुठलं वापरणार. प्रोसिजरच्या सकाळी नको, आधीच.

द्रवात निळा रंग मिसळतात, इंडिगो कार्मिन नाहीतर मेथिलिन ब्लू. खालचा सैल थर निळा होतो, मांसाचा थर पांढराच राहतो. कापल्यावर निळ्यात पांढरं दिसलं की खोल गेलोय हे तिथल्या तिथे कळतं आणि क्लिप लावून ती जागा बंद करता येते. मेथिलिन ब्लू असेल तर नंतर लघवी हिरवट होऊ शकते, घाबरू नका. पण मामंजींना डिप्रेशनची गोळी चालू असेल तर आधी सांगा, काही गोळ्यांचं त्याच्याशी जमत नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही. कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील, घरी परस्पर बंद करू नका.

चार तुकड्यांचं असं आहे, जखम भरताना तिथे वण पडतो, वरचा थर खालच्याला चिकटतो. मग द्रव सोडला की कडा फुगतात आणि पॉलिप मध्ये खड्ड्यासारखा बसून राहतो. कॅन्सर खोल गेला असेल तरी असंच दिसतं, म्हणून डॉक्टर सावध असतात. तुमच्याकडे रिपोर्ट लो ग्रेड आहे, त्यामुळे वणाचीच शक्यता जास्त वाटते, पण ते बघणाऱ्याने ठरवायचं. नाहीच फुगला तर ओढाताण न करता थांबतात आणि ईएसडी (दुर्बिणीतूनच पॉलिप अखंड सोलून काढायची पद्धत) करणाऱ्या मोठ्या सेंटरला किंवा सर्जनकडे पाठवतात. त्याला अपयश समजू नका. तुकड्यांत काढला तर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जागा बघावी लागते, ती तारीख चुकवू नका.

उचगावचा पैलवान:

वैनी, माझं दोन वर्षांमागं झालं. टोचल्यालं काय कळलं नाही, झोपंतच होतो. त्रास पोट साफ करायच्या पावडरीचा, दोन लिटर पाणी प्यायचं म्हंजे कुस्ती सोपी. कोकम सरबत, लाल ज्यूस असलं काय देऊ नका, आत रक्तावानी दिसतं. आम्हांस्नी तांबडा-पांढरा बंद, त्योच मोठा उपास. तुमच्याकडं तो प्रश्नच न्हाई.

कळंब्याची सून:

सुईदोराताई, फार आभार. आज डॉक्टरांशी फोनवर बोलले. जिलेटिन वापरत नाहीत, एचपीएमसीच वापरतात, त्यात मेथिलिन ब्लू. एस्टिमेटमधली ती ओळ द्रव, सुई आणि क्लिपा मिळून होती, काउंटरवर कुणी फोड करून सांगितली नव्हती एवढंच. आता लेखी मागवली आहे. न फुगल्यास ते थांबणार आणि पुण्याला चिठ्ठी देणार, हेही स्पष्ट झालं.

मामंजींना सगळं सांगितलं, गाईबैलांचंही आणि मोतीबिंदूवाल्या औषधाचंही. त्यांचे दोन्ही डोळे गेल्या वर्षी झालेत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डोळ्यात जाऊन आलंय न्हवं ते? मग पोटात जाऊ दे की."

मंगळवारी सकाळी आठला बोलावलंय. पावडर आणून ठेवली आहे, कोकम फ्रीजच्या मागे लपवलंय.