बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवणारे प्राथमिक उपचार) प्रशिक्षणाच्या कार्डापुढे काय शिकायचं?
धाराशिवच्या डॉक्टर मित्रांनी विचारलंय, १०८ रुग्णवाहिकेवर ड्यूटी करताना ज्ञान ताजं कसं ठेवायचं. त्यावर कुणीतरी 'यूट्यूब बघा' म्हणालंय, ते मला पटत नाही. व्हिडिओ कधीचा, कुणी तपासला, काहीच कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉसने २०१८ मध्ये काढलेलं 'बेसिक इमर्जन्सी केअर' हे पुस्तक आधी डाउनलोड करून घ्या. मोफत आहे. श्वासाचा त्रास, शॉक (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडणं), शुद्ध हरपणं, अपघाती मार, सगळं कमी साधनांत कसं हाताळायचं ते त्यात आहे. आपल्या तालुक्यांना तेच लागतं. बीएलएस कार्ड दोन वर्षांनी संपतं, पण हात त्याच्या कितीतरी आधी विसरतो. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हा सराव पुतळ्यावर दर महिन्याला हवाच.

आणि खरं सांगू का, मराठवाड्यात साप चावलेले आणि फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट कायमचेच. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात मेडिसिनच्या सरांना भेटा. आपण पोचवलेल्या पेशंटचं पुढं काय झालं, ते विचारा. एवढं नेमकं शिक्षण कुठल्याच ऑनलाइन कोर्समध्ये मिळत नाही.