बी.कॉम. झालेल्या माणसाला निसर्ग संवर्धनाच्या प्रकल्पात काम मिळेल का?

परचेसवाला_चाकण

नमस्कार मंडळी.

मी बी.कॉम. चाकणच्या एका कारखान्यात परचेसला आहे, आठेक वर्षं झाली. तीन कोटेशनं मागवा, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढा, माल अडकला की व्हेंडरच्या मागे लागा, हेच काम. सुट्टीचा दिवस मात्र सुप्याच्या माळावर, मयूरेश्वर अभयारण्यात. अवघं पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पण चिंकारा हरणं आणि धाविक पक्षी बघत दिवस कसा जातो कळत नाही.

परवा एका संस्थेची जाहिरात पाहिली. ‘प्रकल्प समन्वयक, गवताळ प्रदेश पुनरुज्जीवन’. पात्रता: वन्यजीव, वनशास्त्र किंवा पर्यावरणातली पदव्युत्तर पदवी ‘किंवा समकक्ष अनुभव’. त्या ‘किंवा’वर माझा जीव अडकलाय. पगार आत्ताच्या निम्म्याहून थोडा जास्त. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे घर चालेल.

हा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे कुणी सांगेल का? सगळे रोपं हातात धरलेले फोटो टाकतात, कामाचं कुणी लिहीत नाही. कॉमर्सची पदवी आड येते का? आणि नोकरी सांभाळून करता येईल असा एखादा कोर्स आहे का? एमपीएससी कृपया सुचवू नका.

गणपुले_काका

पगार निम्मा, ऊन दुप्पट. बघा बुवा.

माळावरची

परचेसवाले, अर्ज टाका. आजच टाका.

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर. पुणे-सोलापूर पट्ट्यात गवताळ माळांवर काम करते, बरीच वर्षं झाली. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांत पक्ष्यांची शास्त्रीय नावं घडाघडा म्हणणारी मुलं खूप असतात. बियाण्याच्या पोत्यांचं वजन, त्याचा दर आणि त्याचं व्हाउचर एकमेकांशी जुळवून दाखवणारा क्वचित सापडतो. प्रकल्प बुडतात ते या दुसऱ्या माणसावाचून.

काम काय, ते सांगते. या नोकरीत तीन कॅलेंडरं भिंतीवर लावावी लागतात आणि ती एकमेकांशी कधीच जुळत नाहीत.

पहिलं पैशाचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या वर गेलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावे लागतात. आमच्यासारख्यांचा बराचसा पैसा तिथूनच येतो. करारावर सही होते ऑगस्ट-सप्टेंबरात आणि कंपनीला खर्च दिसायला हवा ३१ मार्चच्या आत.

दुसरं पावसाचं. गवताचं बी पिकतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चर खणायचे उन्हाळ्यात आणि पेरायचं जूनमध्ये. म्हणजे सप्टेंबरात आलेल्या पैशाला मार्चपर्यंत एकही पेरणी दिसत नाही. फोटो मागणाऱ्या साहेबाला फेब्रुवारीत दाखवायला काय असतं? पोती आणि खड्डे.

तिसरं कॅलेंडर धनगरांचं, आणि नवीन माणूस आपटतो तो हमखास इथेच. आमच्या भागातले बरेच मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा (मेंढरं आणि बिऱ्हाडाचा फिरता तळ) घेऊन खाली कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. अमुक गट, म्हणजे जमिनीचा अमुक तुकडा, दोन वर्षं चराईला बंद ठेवायचा, असा ठराव ग्रामसभेत जानेवारीत करून घेतला तर हात वर करणारे सगळे बिनमेंढरांचे. ठराव एकमताने मंजूर! जुलैत वाडा परत आला की कुंपणाची तार तुटते, आणि त्यात मेंढपाळाचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून चराईची बोलणी पावसाळ्यात करायची, वाड्यावर जाऊन, खाली बसून. कुठला तुकडा बंद, कुठला उघडा, पाण्याला वाट कुठून, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं. त्या काळात ऑफिसातले लोक अहवालात अडकलेले असतात. तुम्ही अडकू नका.

आता बियाण्याचं, कारण तिथे तुमची परचेस कामी येणार आहे. पवना, शेडा, मारवेल ही गवतं तयार झाली की गावातल्या बाया विळ्याने त्यांचे तुरे कापतात. ताडपत्रीवर उन्हात वाळवायचे, हाताने चोळायचे, गोणपाटात भरायचे. प्लास्टिकच्या पोत्यात भरलं की आत घाम धरतो आणि बी कुजतं. मूठ भरून नाकाशी धरली तर कळतं, चांगल्या बियाला सुक्या गवताचा वास येतो, बिघडलेल्याला आंबूस. शिवाय ताजं बी लगेच पेरलं तर नीट उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. म्हणजे पुढच्या जूनची खरेदी आदल्या दिवाळीलाच झालेली हवी.

आणि मग ऑडिटर येतो. म्हणतो, तीन कोटेशनं कुठायत? जीएसटीचं बिल कुठाय? अहो, पवन्याचं बी जीएसटीच्या बिलावर विकणारा दुकानदार आमच्या तालुक्यात जन्माला यायचाय. यावर उपाय असा की बचत गटालाच पुरवठादार करायचं. गटाचा ठराव, गटाचं बँक खातं, दर कुठल्या बैठकीत ठरला त्याचं इतिवृत्त, वजनाच्या वहीत दोघांच्या सह्या आणि कोटेशनं का नाहीत याची एक पानभर टिपणी. पैसे थेट गटाच्या खात्यात. हे तुम्ही झोपेतही कराल. जीवशास्त्रात एमएस्सी झालेल्या मुलाला हे शिकवायला मला दोन हंगाम लागतात.

पण नुसता हिशेबनीस होऊन भागायचं नाही. देणगीदाराला ‘नाही’ म्हणण्याइतकं शास्त्र आलंच पाहिजे. सगळ्यात जास्त वेळा ‘नाही’ म्हणावं लागतं ते झाडांना. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं, तेव्हापासून प्रत्येकाच्या डोक्यात संवर्धन म्हणजे रोपांचा आकडा. माळावर गिरिपुष्पाची झाडं लावली की काही वर्षांत सावली धरते, खालचं गवत विरळ होतं आणि उघड्यावर राहणारे धाविक, चंडोल, चिंकारा तिथून हलतात. माळ हा ओसाड पडलेला जंगलाचा तुकडा नाही, तो तसाच असायला हवा, हे कंपनीच्या माणसाला त्याचा अपमान न करता पटवून देणं हा या नोकरीचा मोठा भाग आहे. एकदा एक साहेब दहा हजार रोपांवर अडून बसले होते. त्यांना पहाटे माळावर नेलं, लांडग्याचे ठसे दाखवले. मग रोपं गावाच्या शाळेभोवती आणि ओढ्याच्या काठाने लावायचं ठरलं. आकडा खूप खाली आला, पण त्यांना ठसे आवडले होते.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याचा इतिहास मात्र जरूर वाचा. १९७९ साली जाहीर झालं, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं, गावं, रस्ते, सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांचा राग निघाला पक्ष्यावर. पुढे क्षेत्र १,२२२ वर आणावं लागलं. नकाशावर रेघ मारणाऱ्याने सातबारा बघितला नाही की काय होतं, याचा इतका मोठा धडा महाराष्ट्रात दुसरा नसेल.

कोर्सचं म्हणाल तर पुण्यातच इकॉलॉजिकल सोसायटी आहे, प्रकाश गोळ्यांनी सुरू केलेली. नोकरी करणारे लोक तिथला अभ्यासक्रम करतात आणि त्यात प्रत्यक्ष जागेवर जाऊन शिकणं भरपूर आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा भोपाळची आयआयएफएम (भारतीय वन व्यवस्थापन संस्था) हे पूर्णवेळचं काम. तुमच्या वयाला आणि घराला ते झेपणार असेल तर बघा, मला गरज वाटत नाही.

खाडीकाठ

माळावरच्या ताईंनी तीन कॅलेंडरं सांगितली, आमच्या किनाऱ्यावर चौथं असतं. शनिवार-रविवारचं.

मी कासवांच्या कामात आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. वेळासचं नाव ऐकलं असेलच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, मग कासव महोत्सव आला आणि लोकांच्या घरी पाहुणे उतरायला लागले. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय रोमँटिक नोकरी! पहाटे अंधारात किनारा चालायचा, माग दिसला की घरटं शोधायचं, अंडी जशी होती तशाच खोलीच्या खड्ड्यात हॅचरीत, म्हणजे अंड्यांसाठी राखलेल्या कुंपणात, ठेवायची आणि तारखेची पाटी लावायची. इथपर्यंत ठीक. पण पिल्लं पन्नासेक दिवसांनी निघतात, त्यात आठवडाभर मागेपुढे होतं, आणि पुण्याहून माणसं शुक्रवारी रात्री गाडीत बसलेली असतात. रविवारी सकाळी घरट्यावरची टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू. “आम्ही पैसे भरलेत” हे वाक्य मी मार्चमध्ये जितक्यांदा ऐकतो तितकं वर्षभर नाही ऐकत.

परचेसच्या माणसाला माल लेट झाल्यावर गिऱ्हाईकाशी बोलायची सवय असते. तुमचं जमेल.

टेबलापलीकडून

मी दुसऱ्या बाजूचा, एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे. माळावरच्या ताईंचा राग मान्य, पण मार्चच्या कटकटीवर कायद्यातच वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्प सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून, म्हणजे अनेक वर्षांचा म्हणून मंजूर केला, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. संस्था हे मागतच नाहीत. प्रस्ताव येतो तो एका वर्षाचा आणि आम्ही तसाच पुढे सरकवतो.

समन्वयकाने प्रस्तावात पहिल्या पानावर लिहावं: पेरणी दुसऱ्या आर्थिक वर्षात होईल, कारण पाऊस जूनमध्ये येतो. हसू नका, हे वाक्य नसल्याने अडलेले प्रस्ताव मी पाहिलेत.

आणि जाण्याआधी संस्थेची कागदं तपासा. १२ए, ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, शिवाय २०२१ च्या एप्रिलपासून कंपनीचा पैसा घ्यायला लागणारी सीएसआर-१ ची नोंदणी. यातलं एक जरी नसेल तर तुमचा पगार कुठून येणार हा प्रश्न मुलाखतीतच विचारा.

सोडून_आलेला

सगळे गोड बोलतायत म्हणून थोडं कडू. मी चार-पाच वर्षं केलं आणि सोडलं. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. पण नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची, देणगीचा हप्ता लांबला की पगार लांबला. एकदा दोन महिने घरभाडं मेहुण्याकडून घेतलं. देणगीदाराच्या पैशातून जीपचं डिझेल निघतं, माणसाचा पगार मात्र ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कापला जातो. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि एका संस्थेने दुसरीला पैसा देणंही बंद झालं. मोठ्या संस्थांकडून पैसा घेऊन काम करणाऱ्या छोट्या संस्था त्यात कोलमडल्या, आमची त्यातलीच.

जा, पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून जा.

परचेसवाला_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. सोडून_आलेला, तुमचं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सहा नाही, आठ महिन्यांचं ठेव.

अर्ज टाकला. ताई, दोन शंका. मुलाखतीत मी काय विचारू? आणि धनगरांशी बोलायचं म्हणजे मी शहरातला माणूस, कुठून सुरुवात करू?

माळावरची

टेबलापलीकडून, अनेक वर्षांच्या मंजुरीबद्दल तुमचं बरोबर आहे, आमच्या दोन प्रस्तावांत आम्ही ते मागितलं आणि एका कंपनीने दिलंही. दुसरीच्या माणसाने ‘बोर्डापुढे नेतो’ म्हटलं ते अजून नेतोच आहे.

परचेसवाले, मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट बघायला मिळेल का? नाही म्हणाले तर चहा पिऊन उठा. प्रकल्पाच्या बजेटमध्ये समन्वयकाचा पगार कुठल्या रकान्यात आहे, प्रकल्पखर्चात की प्रशासनात? आणि जागा कुणाची: वनखात्याची, गायरान की खासगी? वनखात्याची असेल तर उपवनसंरक्षकांचं परवानगीपत्र हातात आहे का? ‘तोंडी झालंय’ असं उत्तर आलं तर समजा की पहिले सहा महिने तुमचे वनभवनाच्या पायऱ्यांवर जाणार.

धनगरांचं सोपं आहे. प्रकल्पाचं काही बोलू नका. पावसाळ्यात वाड्यावर जा, यंदा कोकणात कुठपर्यंत गेला होतात, चारा कसा होता, किती कोकरं लांडग्याने नेली, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या. चहा बकरीच्या दुधाचा मिळेल, वास येतो, प्या. गवताची नावं त्यांच्याकडूनच शिका, आमच्या रजिस्टरमधली निम्मी तिथूनच आलीत. कुत्र्यांपासून मात्र जपून, गाडी लांब लावा आणि हाक मारून कुणी पुढे येईपर्यंत जागेवरून हलू नका.

मोटरसायकल स्वतःची आणा. संस्था देते म्हणतात ती आधीच कुणीतरी वापरत असतं.